स्वस्त अॅम्प्लिफायर आणि मालकाची साक्ष

एकाच अॅम्प्लिफायरबद्दल एक मालक सांगतो, आवाज भरदार आहे, स्फोटाचं दृश्य आलं की भिंत हादरते. दुसरा सांगतो, आवाज पातळ आहे आणि पात्रं काय बोलतात तेच कळत नाही. डबा तोच, मॉडेल तेच, किंमतही तीच, आणि दोघांपैकी कुणीही खोटं बोलत नाही. घरात सिनेमाचा आवाज यावा म्हणून पाच स्पीकर आणि एक सबवूफर चालवणारा, खिशाला परवडणारा अॅम्प्लिफायर घ्यायला निघालेला माणूस अशा मतांच्या ढिगाऱ्यासमोर उभा राहतो आणि शेवटी जिकडे जास्त मतं तिकडे कौल देतो. हा कौल बऱ्याचदा चुकतो. मालक ज्या गोष्टीबद्दल सगळ्यात भरभरून बोलतात, म्हणजे आवाज, त्याबद्दलची त्यांची साक्ष सगळ्यात कच्ची असते. ज्या गोष्टी ते एका ओळीत उरकतात, म्हणजे डबा किती तापतो, टीव्हीशी त्याचं जमतं का, तीन वर्षांनी तो चालू आहे का, दुरुस्तीला किती दिवस लागले, त्याबद्दलची साक्ष मात्र पक्की असते. अशी उलटी वाटणी का होते हे एकदा समजलं, की तीच मतं फार उपयोगी पडतात.

आधी हा डबा काय काय करतो ते पाहायला हवं. १९९२ साली ‘बॅटमॅन रिटर्न्स’ या चित्रपटाबरोबर डॉल्बी डिजिटल थिएटरांत आलं आणि पुढे ५.१ ही मांडणी घरोघरी पोचली: समोर डावा, उजवा आणि मधला असे तीन स्पीकर, प्रेक्षकाच्या बाजूला किंवा मागे दोन, आणि बेससाठी वेगळा सबवूफर. दशांशचिन्हानंतरचा एक म्हणजे हा सबवूफर. घरी ही मांडणी चालवणाऱ्या यंत्राला बाजारात एव्ही रिसीव्हर म्हणतात, पण बोलताना आपण त्याला अॅम्प्लिफायरच म्हणतो आणि अर्धा गोंधळ तिथूनच सुरू होतो. आवाज मोठा करणं हे त्याच्या पाच कामांपैकी फक्त एक. सेट-टॉप बॉक्स, ब्लू-रे प्लेयर, गेमिंग कन्सोल यांच्या एचडीएमआय केबल घेऊन चित्र टीव्हीकडे पाठवणं हे एक काम. डॉल्बी किंवा डीटीएसमध्ये बांधून आलेला आवाज उलगडून ज्या त्या स्पीकरला देणं हे दुसरं. बेस बाजूला काढून सबवूफरकडे धाडणं हे तिसरं, सोबत आलेल्या छोट्या मायक्रोफोनने खोली मोजून प्रत्येक स्पीकरचं अंतर आणि पातळी जुळवणं हे चौथं, आणि स्पीकर हलवायला लागणारी वीजशक्ती पुरवणं हे पाचवं. ‘हा कसा आहे?’ या एका प्रश्नात असे पाच प्रश्न असतात आणि मालक त्या सगळ्यांचं मिळून एकच उत्तर देतो.

शक्तीपासूनच सुरुवात करू, कारण खोक्यावर वॅटचा आकडा ठळक असतो आणि मालकांच्या बोलण्यातही तोच आधी येतो. यामाहाचा आरएक्स-व्ही३८५ हा २०१८ मध्ये आलेला ५.१ रिसीव्हर या वर्गाचा चांगला नमुना आहे. कंपनीच्याच तांत्रिक तक्त्यात त्याच्या शक्तीचे वेगवेगळे आकडे दिले आहेत. दोन चॅनल एकदम चालवून, २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंतच्या पूर्ण पट्ट्यात, ६ ओहमवर, ०.०९ टक्के डिस्टॉर्शनला ७० वॅट. एकच चॅनल आणि १ किलोहर्ट्झचा एकच सूर घेऊन, ०.९ टक्के डिस्टॉर्शनला १०० वॅट. तोच एक चॅनल, तोच एक सूर, पण डिस्टॉर्शन १० टक्क्यांपर्यंत जाऊ दिलं, म्हणजे आवाज उघड फाटू दिला, तर १३५ वॅट. तिन्ही आकडे खरे आहेत आणि प्रत्येकाची अट शेजारीच लिहिलेली आहे. पाचही चॅनल एकदम जोरात चालले तर काय होईल, याचं उत्तर मात्र या तिन्हींत नाही. अशा डब्यात पाचही चॅनलना वीज पुरवणारा ट्रान्सफॉर्मर बहुधा एकच असतो. एका टाकीवरचे पाच नळ एकदम सोडले की प्रत्येकाची धार बारीक व्हावी, तसं तिथे होतं. आकड्यांचा हा घोळ जुना आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अॅम्प्लिफायरच्या वॅटचे दावे कसे मोजायचे याचा नियम १९७४ मध्ये केला आणि २०२४ मध्ये तो आणखी घट्ट करून ८ ओहमवर, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ या पूर्ण पट्ट्यात मोजण्याचं बंधन घातलं. पन्नास वर्षांनी पुन्हा नियम कडक करावा लागला, यावरून मोठ्या आकड्याचा मोह किती चिवट आहे ते कळतं.

या आकड्यांनी कानाला नेमका काय फरक पडतो? शक्ती दुप्पट केली की आवाज ३ डेसिबलने वाढतो, आणि तो कानाला साधारण दुप्पट मोठा वाटायला १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. त्यामुळे ७० आणि १३५ वॅटमधलं अंतर, जे कागदावर दुपटीचं दिसतं, ते कानाला ३ डेसिबलपेक्षाही थोडं कमी भरतं. रिमोटवर आवाज दोन-तीन टिचक्यांनी वाढवावा इतकंच. आता एका साध्या फ्लॅटचा हिशेब मांडू. स्पीकर असा आहे की १ वॅटला १ मीटरवर ८७ डेसिबल आवाज देतो, आणि ३ मीटरवरच्या सोफ्यापर्यंत पोचताना त्यातले सात डेसिबल गळतात असं धरू. म्हणजे सोफ्यावर १ वॅटला ८०, १० वॅटला ९० आणि १०० वॅटला १०० डेसिबल. संवादांचं दृश्य घरी पासष्ट-सत्तर डेसिबलच्या आसपास पाहिलं जातं. त्याला एक दशांश वॅट पुरतो. ८० डेसिबल सतत चालू राहिलं तर शेजारी बेल वाजवतील. थिएटरात एका चॅनलच्या क्षणिक शिखराची मोजपट्टी १०५ डेसिबल आहे, पण त्या पातळीवर अपार्टमेंटमध्ये सिनेमा पाहणारे विरळा. शिवाय सगळ्यात जास्त शक्ती खाणारा बेस सबवूफरकडे गेलेला असतो आणि सबवूफरमध्ये बहुतेक वेळा स्वतःचा अॅम्प्लिफायर असतो. म्हणून बारा फुटी हॉलमधल्या मालकाने ‘ताकद कमी पडते’ म्हटलं तर खरी तक्रार बहुधा दुसरीच असते. मोठ्या बंगल्यातल्या वीस फुटी हॉलमध्ये, ४ ओहमचे स्पीकर लावून मोठ्या आवाजात ऐकणाऱ्याने तेच म्हटलं, तर ते गांभीर्याने घ्यायला हवं. वाक्य तेच असलं तरी खोली आणि स्पीकर बदलले की त्याचा अर्थ बदलतो.

मालक म्हणेल, वॅटचं राहू द्या, पण या अॅम्प्लिफायरचा आवाज त्या अॅम्प्लिफायरपेक्षा ‘मऊ’ आहे हे मी कानांनी ऐकलं. इथे अमेरिकेतल्या ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ मासिकाने जानेवारी १९८७ च्या अंकात छापलेली चाचणी आठवावी लागते. त्यात सुमारे २२० डॉलरच्या साध्या रिसीव्हरपासून १२ हजार डॉलरच्या जोडीपर्यंत वेगवेगळे अॅम्प्लिफायर होते. ऐकणाऱ्यांमध्ये फरक असतो असं मानणारे होते, तसेच नसतो असं मानणारेही होते. कोणता अॅम्प्लिफायर वाजतो आहे हे लपवलं होतं आणि सगळ्यांच्या आवाजाची पातळी काटेकोर जुळवली होती. शेकडो फेऱ्यांनंतर ओळखण्याचं प्रमाण नाणं उडवून छापा-काटा बोलावा तितकंच निघालं. १९९४ मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी स्पीकरवर असाच प्रयोग केला, तोही हार्मन या ध्वनियंत्रं बनवणाऱ्या कंपनीच्या चाळीस कर्मचाऱ्यांवर, म्हणजे या धंद्यात मुरलेल्या माणसांवर. पडद्याआडून ऐकताना दिलेले गुण आणि स्पीकर डोळ्यांसमोर असताना दिलेले गुण त्यांनी ताडून पाहिले. स्पीकर दिसू लागताच मोठ्या, देखण्या, महाग स्पीकरांचे गुण वाढले आणि लहानशा स्वस्त संचाचे उतरले. स्पीकर खोलीत कुठे ठेवला आहे याचा परिणाम डोळे झाकलेले असताना स्पष्ट जाणवत होता. डोळे उघडल्यावर तो मतांतून बराचसा पुसला गेला. स्पीकरमध्ये खरे आणि मोठे फरक असतात, तरीही डोळ्यांनी कानांवर इतकी मात केली. मग दोन अॅम्प्लिफायरमधला बारीक फरक, दोन वेगवेगळ्या दिवशी, दोन वेगवेगळ्या घरांत, नाव आणि किंमत माहीत असताना कुणी ठरवला असेल, तर त्यावर किती भार टाकायचा?

यात आणखी एक धागा आहे. मालक हा तटस्थ पंच नसतो. त्याने पैसे मोजलेले असतात. जॅक ब्रेम या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थिनींना घरगुती उपयोगाच्या काही वस्तूंना पसंतीचे गुण द्यायला सांगितलं, मग त्यांतल्या दोनपैकी एक वस्तू निवडून भेट म्हणून घ्यायला दिली आणि पुन्हा गुण द्यायला सांगितलं. निवडलेली वस्तू पहिल्यापेक्षा चांगली वाटू लागली आणि सोडून दिलेली पहिल्यापेक्षा कमी. वस्तूत काहीच बदललं नव्हतं. निवड झाली होती, एवढंच. अॅम्प्लिफायरसारख्या वस्तूबाबत हे जास्त घडतं, कारण दोन महिने भाव काढून, लॅमिंग्टन रोडच्या चार दुकानांत विचारून, घरच्यांची समजूत काढून आणलेली ती वस्तू असते. पहिल्या आठवड्यात ‘अप्रतिम’ लिहिणारा माणूस खोटं लिहीत नाही. तो आधी टीव्हीच्या इवल्याशा स्पीकरवर सिनेमा पाहत होता आणि आता सहा तोंडांतून ऐकतो आहे, त्याला झालेला आनंद अस्सल असतो. फक्त तो आनंद ५.१ या मांडणीचा आहे. त्याच किमतीचा दुसरा कुठलाही धड रिसीव्हर आणला असता तरी तो तितकाच झाला असता.

मग भिंत हादरते म्हणणारा आणि आवाज पातळ म्हणणारा, या दोघांत फरक कशाचा? बहुतेक वेळा खोलीचा आणि सोफ्याच्या जागेचा. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये १२ फूट अंतर असेल तर ४७ हर्ट्झच्या आसपासचा बेस त्या अंतरात नेमका बसतो आणि घुमू लागतो. १० फुटांच्या भिंतींमध्ये हीच गोष्ट ५६ हर्ट्झच्या आसपास होते. अशा घुमण्यात भिंतीपाशी तो सूर फुगतो आणि खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. एकाच खोलीतल्या दोन जागांमधला फरक १० डेसिबलहून जास्त असू शकतो. आपल्याकडे जागा वाचवायला सोफा बहुधा भिंतीला टेकलेला असतो, म्हणून तिथे बसणाऱ्याला बेस भारी वाटतो. त्याच हॉलच्या मध्यावर खुर्ची टाकून बसणाऱ्याला तोच अॅम्प्लिफायर पोकळ वाटेल. गुळगुळीत फरशी, काचेचं शोकेस, उघड्या भिंती यांमुळे वरचे सूर आपटत राहतात. जाड पडदे, गादीचा सोफा, सतरंजी असली की ते शोषले जातात. वॅटच्या ज्या आकड्यांवरून वाद होतात त्यांनी तीन डेसिबलही हलत नाहीत, आणि खुर्ची दोन हात सरकवली की दहा डेसिबल हलतात. सोबत आलेल्या मायक्रोफोनने खोली मोजून घेणाऱ्या मालकाचं मत आणि तो मायक्रोफोन खोक्यातच ठेवून दिलेल्या मालकाचं मत एका तराजूत घालता येत नाही. दोघांकडे डबा एकच असला, तरी ऐकू येणारी गोष्ट एक नसते.

नेहमीच्या दोन तक्रारी जवळून पाहिल्या की हे आणखी स्पष्ट होतं. पहिली, ‘मागचे स्पीकर वाजतच नाहीत.’ बऱ्याच घरांत सिनेमा टीव्हीतल्याच अॅपवर लागतो आणि आवाज एचडीएमआयच्या एआरसी या सोयीने टीव्हीकडून उलटा अॅम्प्लिफायरकडे येतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आवाजासाठी पीसीएम निवडलेलं असेल तर एआरसीवरून दोनच चॅनल येतात. डॉल्बी डिजिटल किंवा बिटस्ट्रीम निवडलं की ५.१ येतं. दोन चॅनल आले तर अॅम्प्लिफायर दोनच वाजवतो, नाहीतर स्वतःच्या अंदाजाने ते पाचांवर पसरवतो. मालक रागावतो अॅम्प्लिफायरवर आणि दोष असतो टीव्हीच्या एका ओळीच्या सेटिंगमध्ये. दुसरी तक्रार, ‘मारामारीचा आवाज कानठळ्या बसवतो आणि संवाद कुजबुजल्यासारखे येतात.’ सिनेमाचा आवाज मोठ्या, शांत थिएटरसाठी मिसळलेला असतो. हळू आणि मोठ्या आवाजात तिथे मुद्दाम भरपूर अंतर ठेवतात. घरी पंखा चालू, खाली रस्ता, स्वयंपाकघरात मिक्सर, यांत हळू भाग बुडून जातो. त्यात मधला स्पीकर, ज्यातून जवळजवळ सगळे संवाद येतात, टीव्हीखालच्या कप्प्यात आत ढकललेला असतो आणि कानाऐवजी गुडघ्यांकडे तोंड करून असतो. तो कप्प्याच्या कडेपर्यंत पुढे ओढला, पुढून जरा उचलून कानाच्या दिशेने केला, त्याची पातळी दोन-तीन डेसिबलने वाढवली आणि रात्री हळू-मोठ्यातलं अंतर कमी करणारी सोय चालू केली, तर बऱ्याच घरांत ही तक्रार मिटते. या चार गोष्टींना एक पैसा लागत नाही. ज्याने त्या केल्या नाहीत, त्याच्या मतात अॅम्प्लिफायरचा दोष किती आणि कप्प्याचा किती, हे कुणालाच वेगळं काढता येणार नाही.

इथवर वाचून वाटेल की मालकांची मतं बाजूलाच ठेवावीत. तसं मुळीच नाही. काही गोष्टी मालकांशिवाय कुणाला कळतच नाहीत. प्रयोगशाळेत एक नमुना आठवडाभर तपासतात, मालक तो पाच वर्षं वापरतो. ऑनक्यो कंपनीच्या २००९ ते २०१२ या काळातल्या बऱ्याच रिसीव्हरमध्ये काही काळाने आवाज बंद पडणं, नेटवर्क न जुळणं असे दोष उद्भवू लागले. नव्या डब्याच्या परीक्षणात ते दिसणं शक्यच नव्हतं, कारण ते वापरानंतरच उगवत होते. तक्रारी साचत गेल्या आणि शेवटी कंपनीने त्या मॉडेलांसाठी मोफत दुरुस्तीची मुदत २०१८ अखेरपर्यंत वाढवली. दुसरं उदाहरण २०२० चं. डेनॉन, मरांट्झ आणि यामाहाच्या नव्या रिसीव्हरवर एचडीएमआय २.१ असं लिहिलेलं होतं, पण एका विशिष्ट चिपमुळे एक्सबॉक्स सिरीज एक्स या गेमिंग कन्सोलमधून सेकंदाला १२० चित्रांचं ४के दृश्य पाठवलं की पडदा काळा पडे. तक्त्यात सगळं बरोबर होतं. ती दोन यंत्रं प्रत्यक्ष जोडल्यावरच खरं काय ते कळलं. नंतर कंपन्यांना जोडणीचा वेगळा अडॅप्टर किंवा नवा बोर्ड मोफत द्यावा लागला. या दोन्ही ठिकाणी साक्षीला कानाची नजाकत लागत नव्हती. चालतं की बंद पडलं, चित्र आलं की नाही, याला आवडनिवड नसते, आणि ते सांगताना खर्च केलेला पैसाही माणसाची जीभ फार वळवू शकत नाही. अशी साक्ष दहा घरांतून आली तर ती पुरावा ठरते.

आपल्या हवामानात या साक्षीचं मोल आणखी वाढतं. अशा यंत्रांच्या माहितीपुस्तिकांत वापरासाठी ५ ते ३५ अंश सेल्सियस असं तापमान सहसा दिलेलं असतं; नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात बाहेरचा पारा ४५ च्या पुढे जातो आणि एसी नसलेल्या हॉलमध्ये ३५ अंश कधीच ओलांडले जातात. परवडणारे रिसीव्हर बहुतांशी एबी वर्गाच्या सर्किटवर चालतात, आणि त्यात घेतलेल्या विजेचा मोठा हिस्सा आवाजाऐवजी उष्णता होऊन बाहेर पडतो. तो डबा टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात, वर सेट-टॉप बॉक्स ठेवून कोंबला, तर आतली हवा भट्टीसारखी होते. विजेची साठवण करणाऱ्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमान १० अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं, असा इलेक्ट्रॉनिक्समधला रूढ ठोकताळा आहे. म्हणून विदर्भातला मालक ‘चौथ्या उन्हाळ्यातही ठीक चालू आहे, वर एक वीत जागा मोकळी ठेवली आहे’ असं सांगत असेल, तर ते एक वाक्य आवाजाच्या वर्णनाच्या पानभर मजकुरापेक्षा भारी आहे. कोकणातल्या दमट हवेत एचडीएमआयची टोकं कशी टिकली, तालुक्याच्या गावाहून डबा दुरुस्तीला कुठे न्यावा लागला, सुटा भाग यायला किती आठवडे गेले, वॉरंटीचा कागद कुणी मानला, हे जगातला कुठलाही मोजणीतज्ज्ञ सांगू शकत नाही. ते फक्त आपल्या भागातला मालक सांगू शकतो.

यावर एक आक्षेप जुना आणि जोरदार आहे: शेवटी ऐकायचं तर कानांनीच, मग कानाचा निवाडा अंतिम का मानू नये? मानावा, स्वतःच्या कानाचा, स्वतःच्या खोलीत. कानावर माझा अविश्वास नाही. उलट ज्या चाचण्या वर सांगितल्या त्या कानांनीच झाल्या, फक्त डोळे आणि नाव बाजूला ठेवून. दुसरा आक्षेप असा की सगळे अॅम्प्लिफायर सारखेच असतील तर महागडे विकले का जातात? सगळे सारखे असा माझा दावा नाही. १९८७ च्या चाचणीतले अॅम्प्लिफायर आपल्या मर्यादेत, आवाज न फाटता चालत होते. ती मर्यादा ओलांडली की फरक उघडा पडतो: अवघड, ४ ओहमचे स्पीकर, मोठी खोली, मोठा आवाज यांत स्वस्त डबा आधी दमतो आणि काही वेळा स्वतःला वाचवण्यासाठी बंदही पडतो. शिवाय आजच्या रिसीव्हरमध्ये खोली मोजून आवाज सुधारणारी जी यंत्रणा असते, तिच्यात खरे, ऐकू येणारे फरक आहेत. यामाहाची वायपाओ, डेनॉन-मरांट्झमधली ऑडिसी आणि तिच्या वेगवेगळ्या पायऱ्या, महाग यंत्रांतलं डिरॅक यांत बेसला हात घालण्याची ताकद एकसारखी नसते. जास्त पैसे मोजायचेच तर ते वॅटच्या आकड्यासाठी मोजण्यापेक्षा या यंत्रणेसाठी, जोडणीच्या सोयींसाठी आणि सेवेसाठी मोजावेत, असा माझा आग्रह आहे. मालकाने ‘मायक्रोफोनने खोली मोजण्याआधी बेस घुमत होता, नंतर आटोक्यात आला’ असं सांगितलं, तर ती आवाजाबद्दलची असूनही चांगली साक्ष आहे, कारण खोली, स्पीकर, डबा तेच ठेवून एकच गोष्ट बदलली गेली.

तिसरा आक्षेप संख्येचा. एकाचं मत चुकेल, हजारांचं कसं चुकेल? चुका दहा दिशांना विखुरलेल्या असतील तर त्या एकमेकींना खोडतात, हे खरं. पण इथे सगळे एकाच बाजूला झुकलेले असतात: सगळ्यांना किंमत माहीत, सगळ्यांनी पैसे मोजलेले, सगळ्यांची तुलना टीव्हीच्या स्पीकरशी. अशी चूक हजारांनी गुणली तरी चूकच राहते, वर हजारांच्या जोरावर ती खात्रीसारखी दिसू लागते. शिवाय मत द्यायला पुढे येतात ते बहुधा फार खूश झालेले किंवा फार चिडलेले. ज्याचा डबा मुकाट्याने चालतो आहे तो गप्प असतो. म्हणूनच पाच तारे आणि एक तारा भरपूर, मधले तारे थोडे, असं चित्र वारंवार दिसतं, आणि त्यांची सरासरी कुणाच्याच अनुभवाशी जुळत नाही. विकत लिहवून घेतलेल्या मतांचा प्रश्न वेगळाच. त्यासाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये ऑनलाइन ग्राहकमतांसाठी आयएस १९००० हे मानक काढलं, पण ते आणलं गेलं ऐच्छिक म्हणून. मत देणारा माणूस खरा आहे का, हे अशा मानकाने तपासता येईल. त्या खऱ्या माणसाने नेमकं काय ऐकलं, हे तपासणं वाचणाऱ्याकडेच राहतं.

तेव्हा ज्याच्या घरी असा अॅम्प्लिफायर आहे त्याला ‘आवाज कसा आहे?’ असं विचारून थांबू नये. खोली किती बाय किती, सोफा भिंतीला आहे का, स्पीकर किती ओहमचे, मायक्रोफोनने मोजून घेतलं का, आवाजाचा आकडा साधारण कितीवर असतो, डबा उघड्यावर आहे की कप्प्यात, घेऊन किती महिने झाले, एकदाही दुरुस्तीला गेला का, टीव्ही कोणता आणि त्याच्याशी जोडताना काय अडलं, हे विचारावं. उत्तरं आपल्या घराशी जुळली तर ते मत आपलं, नाही जुळली तर ते कितीही गोड असलं तरी परक्याचं. आणि ज्याने डबा घेतला आहे त्यानेही पहिल्या आठवड्याच्या आनंदात लिहून मोकळं होऊ नये. दोन उन्हाळे जाऊ द्यावेत, मग लिहावं. ‘दहा बाय बारा हॉल, सोफा भिंतीला, ६ ओहमचे बुकशेल्फ स्पीकर, वर एक वीत जागा मोकळी. अडीच वर्षांत एकदा एचडीएमआयचं एक पोर्ट गेलं, भाग यायला पाच आठवडे लागले. टीव्हीच्या सेटिंगमध्ये बिटस्ट्रीम करेपर्यंत मागचे स्पीकर गप्प होते.’ आवाज अप्रतिम की भिकार, हे अशा मतात कुठेच नसतं. तरी दुसऱ्या कुणाच्या घरी तो डबा कसा वाजेल आणि किती टिकेल, हे त्यावरूनच सगळ्यात नीट कळतं.